एकविसाव्या दिवशी सोडलेला पाय

कराड, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

बिरू,

पाकिटावरचं अक्षर सोनमचं आहे, आतलं माझं. घाबरू नको, घरात सगळी धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू 'बरं हाय' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र तसं ठेवता येत नाही. फाडलंस तरी आधी बघशीलच, म्हातारीनं काय लिहिलंय ते.

माझी शाळा दुसरीपर्यंत, आणि वर साक्षरतेच्या वर्गातले चार महिने. त्या वर्गाच्या बाई म्हणायच्या, तानुबाई, बोलताना 'हाय' म्हणा पण लिहिताना 'आहे' लिहा. म्हणून मी 'आहे' लिहिते. वाचताना आई परकी वाटली तर तू 'हाय' वाच.

आता ऐक. काल माझ्या अंगाला एकोणीस पांढरे गोळे चिकटवले! गोट्यांएवढे. घोट्याला, गुडघ्याला, खुब्याला, खांद्याला. आणि मला म्हणाले, चाला.

तुझ्या थोरल्या भावाची, नाथाजीची सोनम इथं कराडला फिजिओथेरपी शिकते, तिच्या कॉलेजातली गोष्ट ही. तू घर सोडलंस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मामाच्या मयताला आलास, तुझे आबा तेवढे मेंढरांमागं राहिले होते, तेव्हा शाळेच्या कपड्यात दोन वेण्या घालून उभी होती बघ, ती. आता माणसं चालतात कशी, उठतात कशी, कुठलं हाड कुठं बसतं आणि कुठला स्नायू त्याला ओढतो, हे शिकते. मी म्हटलं, चालणं शिकायला कराडला कशाला यायला पाहिजे, आपल्या माळावर ये. तर ती म्हणाली, आज्जी, तेच तर करायचंय, तूच ये. तिला परीक्षेसाठी काहीतरी शोधून लिहायचं आहे, डोक्यावर ओझं घेऊन जन्मभर चाललेल्या बायकांची चाल कशी असते यावर. मग काय, आले मी चार दिवसांची भाकरी बांधून.

खोलीला चहूकडनं कॅमेरे. मधे लांब पट्टा, शेणानं सारवल्यासारखा गुळगुळीत. एक पोरगी सांगते, आजी, हलू नका, गोळा पडेल. मी म्हटलं, हलायचं न्हाई तर तुमी बघणार काय? सगळ्या हसल्या. डोक्यावर बारा लिटरची कळशी दिली. मी गेले आणि आले. थेंब सांडला नाही. मग सोनमची मैत्रीण सोनिया म्हणाली मी पण करते, आणि चौथ्या पावलाला अंघोळ! तिच्या कमरेला हेलकावे किती, आणि माझी कंबर कशी देवळातल्या समईसारखी, असं सगळं तिथं पडद्यावर दिसतं.

पडद्याचं तर सांगायचंच राहिलं. बिरू, त्या पडद्यावर मी होते! लुगडं नाही, कातडी नाही, सुरकुती नाही. नुसते ठिपके. आणि ते ठिपके चालत होते, आणि चालत होते ते माझ्यासारखे. एवढी वर्षं अंगात हाडं घेऊन फिरले, पण ती आत काय करतात ते काल बघितलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांच्या शिवांजली मॅडम म्हणाल्या, आजी, बसता का? मी म्हटलं, बसायचं काय, परत लावा की ते!

मग मला चेव आला. तुला माहीत आहे माझी खोड. माळाच्या पलीकडून माणूस येतं तेव्हा आपल्याला तोंड कुठं दिसतं? चाल दिसते. चालीवरून ओळखायचं, म्हणून चाल मनात राहते आणि मनातली पायात येते. मी त्यांना पोस्टमन चालून दाखवला. फोन बघत चालणारा नाथाजी दाखवला. पोरी जमिनीवर लोळल्या हसून. खुरात काटा गेलेली मेंढी दाखवली. आणि मग, कशी कोण जाणे, तुझी चाल दाखवली.

पोरी हसतच होत्या. मॅडमचं हसू थांबलं. "ही कुणाची?" म्हणाल्या.

"माझ्या धाकट्या लेकाची."

"परत करा."

पाच वेळा करायला लावली, बिरू. पुढनं, मागनं, बाजूनं. मग विचारलं, डावा पाय आखूड आहे का? किती? मी अंगठ्याचं पेर दाखवलं. मॅडम पोरींना म्हणाल्या, बघा, हाडाची उणीव आहेच, पण डावा पाय टेकला की अख्खं अंग डावीकडं जातं, ते एकट्या हाडाचं काम नाही, खुब्याचा स्नायू ढिला आहे. हाडाची उणीव चपलेत उंची देऊन भागते. स्नायूला व्यायाम लागतो. मी विचारलं, बत्तीस वर्षं झाली तरी? तर म्हणाल्या, स्नायू जिवंत असला तर साठ वर्षांनीसुद्धा. लंगडणं सगळं जाणार नाही, पण निम्मं कमी झालं तरी कमरेचं दुखणं पळेल.

तुझी कंबर दुखते, हे मला तुझ्या बायकोनं सांगितलं. तिच्यावर रागावू नको.

"पण आजी," मॅडम म्हणाल्या, "नक्कल बघून इलाज करत नाहीत. माणूस आणा."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २७ तारखेला, सकाळी दहाला त्या तुला बघणार आहेत. मी तुला न विचारता वेळ घेतली. पाटणहून कराड किती लांब आहे? दुकानाची दोन शटरं ओढ आणि ये. एक दिवस लोकांचे ब्लाऊज थांबतील.

तुझी आई


कराड, शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बिरू,

पत्र पोचलं असेल. उत्तर आलं नाही म्हणून मी थांबलेली नाही, माझ्याकडं सांगायला लय आहे. चार दिवसांची भाकरी संपली, मी अजून इथंच आहे. मॅडमनी ठेवून घेतलं.

काल मी शिकवलं! कॉलेजात! फळ्यासमोर! पुढं चाळीस पोरंपोरी पांढरे डगले घालून बसलेली, आणि मी तुझ्या बायकोनं दिवाळीला पाठवलेलं ते हिरवं लुगडं नेसून. सोनमनं आपल्या मेंढरांचा व्हिडिओ भिंतीवर लावला, नाथाजीनं परवा सकाळी काढलेला. मॅडम मुलांना म्हणाल्या, सांगा, यातलं कुठलं आजारी आहे? कुणी म्हणालं हे, कुणी म्हणालं ते. मी म्हटलं, "आजारी कुणीच न्हाई. पण ती कपाळावर टिक्का असलेली बघा, उजवा पुढचा पाय टेकवतीय पण भार देईना. तिच्या खुरात काटा हाय. उद्या लंगडंल."

एक पोरगा उठला. "आजी, ती तर नीट चालतीय."

"तुला नीट दिसतीय, तिला न्हाई वाटत."

मॅडमनी तिथूनच नाथाजीला फोन लावायला सांगितला. नाथाजीनं तुझ्या आबांच्या हातात दिला. आबा म्हणाले, "व्हय, काढला की काटा, आत्ताच. बाभळीचा. तुला कुणी सांगितलं?"

"म्या कराडात बसून बघितलं!"

"कराडात बसून?" आबा म्हणाले, "मग तितंच ऱ्हा. हितं आल्यावर माझ्याबी चुका काढशील."

अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता, बिरू. आबांना वाटलं फोन बिघडला.

तिथं कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला आहे. खरा. कुणा माणसानं मेल्यावर आपला देह शिकायला दिला, त्याची हाडं. पोरं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मी आधी हात जोडले. मग जवळ जाऊन बघितलं. मेंढरू मी आतून बघितलेलं आहे, म्हणून मला पुष्कळ ओळखू आलं, हा खुबा, ही नळी, हा घोटा. पण माणसाची मांडी! केवढं ते हाड! आणि खुब्यात कसं बसतं, उखळात मुसळाचं टोक बसावं तसं, पण तिरकं. सोनमनं मला दाखवलं की खुब्याच्या बाहेरच्या अंगाला पंख्यासारखा पसरलेला एक स्नायू असतो. आपण एक पाय उचलतो ना, तेव्हा टेकलेल्या पायाचा हा स्नायू कमरेला धरून ठेवतो. मला लगेच कळलं. मेंढरांना रात्रीचं कोंडायला आपण वाघर लावतो, ती जाळी. एका बाजूची मेख ढिली पडली की दुसऱ्या बाजूची जाळी लोंबते. तुझी डावी मेख ढिली आहे, बिरू, म्हणून उजवीकडची कंबर खाली जाते, आणि ती जाऊ नये म्हणून तू सगळं अंग डावीकडं टाकतोस. मी हे सोनमला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं! म्हणाली, आज्जी, आमच्या पुस्तकात यापेक्षा अवघड लिहिलंय.

त्या लंगडण्याला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे. माझ्या जिभेवर ते बसत नाही. मी त्याला बिरूची चाल म्हणते आणि आता पोरंही म्हणतात.

वर्ग संपल्यावर मॅडमनी मला चहा दिला आणि विचारलं, आजी, झालं कसं हे? मी सांगितलं. तुला आठवतं तेवढंच सांगितलं. दिवाळीनंतरची गोष्ट, आपली मेंढरं कुंडलच्या लालासाहेबांच्या रानात खतासाठी बसवलेली. तू नऊ वर्षांचा. कोकरांना पाला काढायला बाभळीवर चढलास आणि फांदीसकट खाली आलास. डावी मांडी. पाय कळकाच्या पट्ट्या आणि लोकर लावून बांधला. मग तो सोडला. मग तो वाकडा जुळला.

मॅडम म्हणाल्या, कुणी बांधला? मी म्हटलं, घरीच. म्हणाल्या, किती दिवसांनी सोडला? मी म्हटलं, चहा लय चांगला झालाय.

असो. सोनमची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि मी दिवसातून तीनदा चढते. सोनिया म्हणते, आजी, तुमच्या गुडघ्याचा आम्हाला अभ्यास करू द्या. मी म्हटलं, माझ्या माघारी सगळ्याचाच करा, फॉर्म आणा. नाथाजीला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. तो रडेल.

२७ तारीख, गुरुवार. लक्षात आहे ना?

आई


कराड, बुधवार, १९ फेब्रुवारी

बिरू,

आज शिवजयंती, कॉलेजला सुट्टी. खाली पोरं गुलाल खेळतायत, झांजा वाजतायत. सोनम आणि सोनिया मिरवणूक बघायला गेल्यात. मी एकटी आहे आणि हे पत्र एकटीनंच लिहायचं आहे.

परवा तू सोनमला फोन केलास. तिनं मला सगळं सांगितलं, तू सांगू नको म्हणालास तरी. तू म्हणालास, "पोरी, तू चांगली शिकतीयास, शिक. पण माज्या पायाचं काय करायचं ते आबांनी तवाच केलंय. मेंढरं हलवायची घाई हुती त्यांना, म्हणून एकविसाव्या दिवशी माजा पाय सोडाय लावला. आता त्यांच्या नातीच्या कॉलेजात माजा पाय दाखवाय मी येत न्हाई."

सोनमनं मला विचारलं, "आज्जी, खरंच एकवीस दिवस?"

मी व्हय म्हटलं.

तिच्या कॉटखाली हाडांचा डबा असतो, शिकायला दिलेला. त्यातलं मांडीचं हाड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, आज्जी, नऊ वर्षांच्या पोराचं हे हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात. त्याच्यावर भार द्यायचा तो त्याच्याही नंतर.

बिरू, मी ते हाड मांडीवर घेऊन बसले, तुला घेतलं होतं तसं.

आता मी लिहिते ते नीट वाच. पत्रातली चूक खोडता येते, म्हणून आधीच्या दोन पत्रांत मी पुष्कळ खोडलं. हे खोडत नाही.

तू पडलास तेव्हा आबा तिथं नव्हते, पुढच्या मुक्कामांची रानं बघायला महिनाभरासाठी लांब गेले होते. लालासाहेब धावत आले. त्यांनी जीप काढली. म्हणाले, "तानुबाई, पोराला सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेऊ, बसा." मी नको म्हटलं. मी म्हटलं, "आमच्याकडं मोडल्यालं मीच बांधती." आणि ते खरं होतं. चार कळपांतली माणसं मोडलेलं कोकरू घेऊन माझ्याकडं यायची. तुला आठवत असेल. मी बांधलेलं एकही कोकरू लंगडलं नव्हतं. कळकाच्या पट्ट्या, आत लोकर, वर सुतळी, एकवीस दिवस. एकविसाव्या दिवशी सोडलं की कोकरू उड्या मारत आईकडं जायचं. लोक बघायचे, आणि मला ते बघणं आवडायचं.

मी तुला तसंच बांधलं. तसेच दिवस मोजले.

अठराव्या दिवशी आबांचा निरोप आला. एक गडी घेऊन आला होता. निरोप असा होता, "पोराचा पाय सोडू नगंस. मी टेम्पो बघून येतोय, मग सांगलीला दाखवू." हा निरोप होता, बिरू. मेंढरं हलवायची घाई आबांना नव्हती. घाई मला होती. मला वाटलं, ते यायच्या आत तू उड्या मारत पुढं गेलास तर केवढी मजा येईल. मला वाटलं, सांगलीचा डॉक्टर माझी बांधणी सोडून बघणार आणि हसणार.

तू घाबरला होतास. सोडू नको म्हणून माझा हात धरलास. तेव्हा मी म्हटलं, "आबांचा निरोप आलाय, सोड म्हणून." तू आबांचं नाव ऐकून हात काढून घेतलास.

पुढचं तुला आठवतं. तू उभा राहिलास आणि पाय आतून वाकला. तुझी ती हाक मला अजून ऐकू येते. दुसऱ्या दिवशी आबा आले. तुला खांद्यावर घेऊन ते सांगलीला गेले, पण तिथं म्हणाले, आता उशीर झाला, परत मोडून बसवावं लागेल. आबांनी ते नको म्हटलं. तू तिथं ओरडून बेशुद्ध पडला होतास, त्यांना ते बघवेना. तेवढा एक निर्णय त्यांचा. तिथनं घरी येईपर्यंत दहा दिवस तू त्यांच्या खांद्यावर होतास.

मी त्यांना खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "पोराला आईचा हात लागतो. त्याला माझा राग आला तर चालंल." एवढंच. परत तो विषय काढला नाही.

मग तू एकोणीस वर्षांचा झालास. सांगलीला भरतीला गेलास, मित्रांबरोबर. हवालदारानं नुसतं चालताना बघितलं आणि तुला रांगेतून बाजूला काढलं. घरी येऊन तू आबांना बोललास, "तुमच्या मेंढरांपायी माझा पाय घालवला." आणि पिशवी उचललीस. मी चुलीपुढं पीठ मळत होते. मी मान वर केली नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग मेंढरांकडं गेले. बावीस वर्षं झाली. मी अजून ते पीठ मळते आहे असं वाटतं.

काल मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजी, कोकराची नळी वेगळी आणि माणसाची मांडी वेगळी. मांडीचे स्नायू इतके ताकदीचे की मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर ओढून घेतात. तुम्ही साठ दिवस बांधला असता तरी तो थोडा आखूडच झाला असता. त्या लय चांगल्या आहेत म्हणून मला सूट देत होत्या. मी म्हटलं, "मला सूट नगं. जीप दारात हुती."

बिरू, राग धरायचा तर माझ्यावर धर. पत्ता बरोबर लिहून घे: तानुबाई. पण गुरुवारी ये. मी समोर नको असेन तर मी येणार नाही, सोनम तुला नेईल. माझ्यावर रागावलेला माणूस सरळ चालला तरी मला चालेल, माझं काही म्हणणं नाही.

खाली झांजा थांबल्या. पोरी येतील.

तुझी आई


कराड, एसटी स्टँड, गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळ

बिरू,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आलास तर हातात देईन, नाही आलास तर माझ्याजवळ ठेवीन. बाकड्यावर बसून लिहिते आहे, अक्षर हलतं ते बाकड्यामुळं. माझ्या शेजारी तुझे आबा बसलेत. होय! आबा! कराडात! चार वर्षांत ते कुठल्या एसटीत चढले नव्हते.

सांगते. शनिवारी मी गावी गेले, माझ्यानं इथं बसवेना. रविवारी सकाळी सोनमनं नाथाजीच्या फोनवर तुझा व्हिडिओ पाठवला. तुझ्याकडनं तिला आलेला. अकरा सेकंद. तुझ्या दुकानासमोरचा बोळ, तू लांब जातोस आणि परत येतोस. तू एक शब्द बोलत नाहीस. नुसतं मागनं कुणीतरी म्हणतं, "टेलर, चला की, घाबरताय काय!" तुझी बायकोच असणार, आवाजात हसू होतं.

मी फोन घेऊन पळाले! खरंच पळाले, नाथाजी मागनं ओरडतोय आई, पडशील. आबा विहिरीजवळ मेंढरं पाजत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, फोन नाकाला लावून बघितला. "पुन्यांदा लाव," म्हणाले. परत लावला. "पुन्यांदा." नऊ वेळा, बिरू. मेंढरं पाणी पिऊन उसात शिरली, शेजारच्या जयराजच्या. तो काठावरून शिव्या देतोय आणि हे बघतायत.

मग म्हणाले, "डावीकडं कलतोय. पण टाच आधी टेकतोय, बोटं मागनं. पाय जिता हाय त्याचा."

मॅडमही अगदी हेच म्हणाल्या नंतर, व्हिडिओ बघून. हेच शब्द, नुसते शुद्ध.

तेव्हा मी आबांना सांगितलं की मी तुला सगळं लिहिलं, निरोपाचंसुद्धा. माझं तोंड जमिनीकडं. आबा म्हणाले, "कशाला लिवलंस? एकट्या माज्याशी बोलत न्हवता. आता दोघांशीबी बोलायचा न्हाई."

मला वाटलं, झालं. पण जेवायला बसल्यावर ते नाथाजीला म्हणाले, "गुरवारी मेंढरं तू बघ. मला कराडला जायाचंय." नाथाजीच्या हातातला घास खाली पडला. काल महाशिवरात्रीच्या उपासाला आबांनी स्वतः रताळी उकडली. वहाणांना तेल लावलं. आज पहाटेच्या गाडीनं निघालो.

तू येणार असं म्हणाला नाहीस. सोनमला नुसतं विचारलंस, दहा वाजता म्हणजे नक्की दहा का. तिनं नक्की म्हटलं. ती मॅडमजवळ थांबली आहे. इथं आम्ही दोघंच.

पाटणची एक गाडी आठला आली. त्यातनं शाळेची पोरं आणि एक कोंबड्यांची पाटी उतरली. दुसरी साडेआठला आली. मी प्रत्येक खिडकीत बघत होते, तर आबा म्हणाले, "खिडकीत काय बघतीस? उतरताना बी बघू नगंस. चालाय लागल्यावर बघ."

"आवं, पण तुमाला दिसतंय कुठं?"

"तोंड दिसत न्हाई," म्हणाले. "तोंड बघून काय करायचंय? बावीस वर्सांत बदललं आसंल."

चहा घेतला. आबांनी तुझ्यासाठीही एक सांगितला, तो निवला, मग तो मीच प्यायले. एका बाईनं विचारलं, आजी, काय लिहिताय एवढं? मी म्हटलं, हिशेब न्हाई, पत्र. कुणाला? लेकाला. कुठं असतो? मी म्हटलं, येतोय.

म्हटलं खरं मी. येतोय म्हणून.

तिसरी गाडी आली. लांब उभी राहिली, पार त्या टोकाला, कारण मधे दुसऱ्या गाड्या. माणसं उतरली. लय माणसं, पिशव्या, गर्दी. मला काही कळेना. सगळ्यांची डोकी सारखी.

आबा उठले.

काठी बाकड्यालाच राहिली. "आलं गं," म्हणाले. "त्ये बघ. डावीकडं."

मला अजून दिसत नाही, बिरू. मी गर्दीत सगळ्यांची तोंडं बघते आहे आणि ते कंबर बघतायत. हां. हां! दिसलं! डावा पाय टेकला, अंग कललं, उजवा आला, परत डावा, तीच मी करून दाखवलेली चाल, आणि हातात पिशवी, आणि थांबलास, इकडंतिकडं बघतोस, इकडं बघ की रं!

आबा निघाले. काठी न घेता. त्यांना एकट्याला पुढं जाऊ दिलं तर तुम्ही दोघं एकमेकांपुढं नुसते उभे राहाल आणि कुणी काही बोलणार नाही, मी ओळखते तुम्हाला. काठी घेऊन मलाच पळायला पाहिजे. दहाला वीस कमी आहेत.

आले मी.